आपले श्राद्ध आपणच

उज्जैनच्या राम घाटावर शिप्रेत बुडी मारून वर आलेल्या यात्रेकरूला गुरुजी आधी नाव-गोत्र विचारतात. “अपना नाम बोलिए, अपना गोत्र बोलिए.” गोत्र ठाऊक नसले तर काश्यप म्हणायचे, हे दोन्ही बाजूंना माहीत असते. मग उजव्या तळहातावर पाणी, अक्षता, फूल येते. संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी यांची लांबलचक उजळणी होते, आणि शेवटी यजमानाकडून एक शब्द वदवून घेतला जातो : ‘करिष्ये’. पाणी ताम्हनात सुटते आणि पूजा सुरू होते.

यजमान पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेला असेल आणि दक्षिणा फोनवरून आली असेल, तर जाणते गुरुजी तोच संकल्प थोडा बदलून म्हणतात. यजमानाचे नाव षष्ठीत जाते आणि शेवटी ‘करिष्ये’च्या जागी ‘करिष्यामि’ येते. मंत्र, पाणी, अक्षता, घाट, काहीच बदललेले नसते. बदलते ते एवढेच, की करणारा एक आणि ज्याच्या पदरात फळ पडायचे तो दुसरा.

हा भेद पाणिनीने नोंदवून ठेवला आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या पादातल्या बहात्तराव्या सूत्रात तो सांगतो की काही धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याकडेच येत असेल तर आत्मनेपद वापरावे. व्याकरणकारांचे यावरचे ठरलेले उदाहरण यज्ञशाळेतले आहे. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’, आणि ऋत्विज दक्षिणा घेऊन त्याच्यासाठी करतो तेव्हा ‘यजति’. शाळेत आत्मनेपदी आणि परस्मैपदी धातूंच्या याद्या घोकताना या नावांत काही अर्थ दडला असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पुढच्या संस्कृतात हा भेद बराच सैल पडला, बहुतेक धातू एका ठरलेल्या पदाला चिकटून बसले. पण संकल्पाच्या पाण्यात तो अजून जिवंत आहे. पौरोहित्य हा धंदा या भेदावरच उभा आहे, असे म्हटले तरी फारसे चूक नाही.

इंग्रजीत हे काम सर्वनामाकडे आहे. ‘ही हर्ट हिम’ म्हटले की लागले ते दुसऱ्या कोणाला, ‘ही हर्ट हिमसेल्फ’ म्हटले की त्याचे त्यालाच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अशी वेगळी सर्वनामे नव्हती. साधे ‘हिम’च दोन्ही कामे करी आणि जोर द्यायचा असेल तेव्हा ‘सेल्फ’ची जोड मिळे, ती जोड पुढे पक्की झाली. तरी आजच्या बोलीतही हिशेब सरळ नाही. दाढी, आंघोळ, कपडे घालणे या क्रिया माणूस बहुधा आपल्याच देहावर करतो, म्हणून ‘ही शेव्ह्ड’ एवढेच पुरते. उलट पाहुण्याला ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणावे लागते, पोराला ‘बिहेव युवरसेल्फ’ म्हणून दटावावे लागते, आणि सहल छान झाली हे सांगायला ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’ लागते. या शेवटच्या वाक्यातला ‘मायसेल्फ’ आपल्याकडे हमखास गळतो. कारण मराठी माणसाने आयुष्यभर ‘मला मजा आली’ असे म्हटलेले असते. मजा बाहेरून येते आणि ‘मी’ चतुर्थीत उभा राहून ती घेतो. स्वतःवर मजा करण्याची क्रिया त्याने कधी केलेलीच नसते.

भारतीय इंग्रजीतले आणखी एक वाक्य कायम थट्टेचा विषय होते : ‘मायसेल्फ रमेश.’ ओळख करून देताना असे म्हणणाऱ्याला इंग्रजीचे शिक्षक लगेच टोकतात. ‘मायसेल्फ’च्या आधी त्याच वाक्यात ‘आय’ हवा, कारण हे सर्वनाम कोणाकडे तरी परत जाण्यासाठीच असते. ज्याच्याकडे परतायचे तोच नसेल तर ते अधांतरी राहते. हरकत बिनतोड आहे. मात्र आधी ‘आय’ नसलेला ‘मायसेल्फ’ घडवण्याची एक अधिकृत व्यवस्था शिप्रेच्या काठावर शतकानुशतके चालू आहे, तिच्याकडे यायचे आहे.

त्याआधी मराठीचे घरगुती प्रकरण. ‘रमेशने सुरेशला त्याच्या घरी नेले’ आणि ‘रमेशने सुरेशला आपल्या घरी नेले’ यांतला फरक मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच कळतो. ‘हिज हाउस’ म्हणणाऱ्या इंग्रजीला तो सर्वनामातून दाखवता येत नाही. शिवाय मराठीत ‘स्वतः’ आणि ‘आपण’ अशी दोन हत्यारे आहेत आणि त्यांचा पल्ला सारखा नाही. ‘स्वतः’ बहुधा आपल्याच उपवाक्यातल्या कर्त्याला धरते, तर ‘आपण’ दूरच्या, बाहेरच्या वाक्यातल्या कर्त्यापर्यंत पोहोचते : ‘सुरेशने आपल्याला फसवले असे रमेशला वाटते’. भाषाशास्त्रज्ञ काशी वाली यांनी मराठीच्या या खोडीवर सविस्तर लिहिले आहे. त्यातही हाच ‘आपण’ ऐकणाऱ्याला पोटात घेणारा ‘आम्ही’ होतो (‘चला, आपण जाऊ’) आणि आदराने उच्चारलेला ‘तुम्ही’ही होतो (‘आपण कुठले?’). स्वतः, आपण सगळे आणि समोरचा, अशा तिघांसाठी एकच शब्द वापरणारी भाषा बोलणाऱ्यांना ‘मी नेमका कुठे संपतो’ हा प्रश्न पडला नसता तरच नवल.

उज्जैनला मराठी यजमान नवा नाही. राणोजी शिंद्यांची राजधानी इथे होती, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ नव्याने उभारले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी शहरातली मराठी वस्ती उठली नाही. रामाने दशरथाचे श्राद्ध इथे केले म्हणून हा राम घाट, अशी स्थानिक समजूत आहे. म्हणजे घाटाच्या नावातच मुलाने बापासाठी केलेले कर्म आहे. श्राद्धाची नेहमीची रचना हीच असते : देणारा जिवंत, घेणारा गेलेला, आणि दोघांच्या मध्ये रक्ताचे नाते.

सिंहस्थात मात्र याच नदीच्या काठी वेगळे श्राद्ध होते. समोरच्या तीरावर दत्त आखाडा घाट आहे. परंपरेने शैव आखाडे त्या बाजूला आणि वैष्णव राम घाटाच्या बाजूला स्नान करतात. आखाडे नव्या संन्याशांना दीक्षा देतात, तेव्हा मुंडन, स्नान, यज्ञोपवीत आणि शेंडीचा त्याग यांबरोबर दीक्षार्थी पितरांना पिंड देतो, आणि मग आपल्या हाताने आपलाच पिंड ठेवतो.

ही आखाड्यांची लहर नव्हे, शास्त्रात तिची जागा ठरलेली आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या घरोघरी असे. त्यात संन्यास घेण्याआधीची आठ श्राद्धे सांगितली आहेत : देव, ऋषी, दिव्य, मनुष्य, भूत, पितृ, मातृ आणि शेवटी आत्म. या आठव्या श्राद्धात बाप आणि आजा यांच्या रांगेत कर्ता स्वतः जाऊन बसतो. एरवी मरणानंतर मुलाने जी जागा द्यायची, ती त्याने जिवंतपणी स्वतःच घेतलेली असते. पुढे विरजाहोम होतो आणि सर्वसंगपरित्यागाचे वाक्य तीनदा उच्चारले जाते. त्या वाक्याची रचना कर्मणी आहे : ‘मी सोडले’ असे नाही, ‘माझ्याकडून सुटले’ अशा धाटणीचे. त्यात कर्ता तृतीयेत सरकलेला असतो. त्यानंतर त्याला जुने नाव नाही, गोत्र नाही. तो कधी देह ठेवेल तेव्हा त्याला दहन नाही, नेहमीचे श्राद्धही नाही. ते होऊन गेलेले असते.

आता प्रश्न असा : या आठव्या श्राद्धात दिले कोणी आणि घेतले कोणी?

भारतीय तत्त्वज्ञांनी हा प्रश्न घाटापुरता ठेवलेला नाही. एकाच क्रियेत एकच वस्तू कर्ता आणि कर्म अशी दोन्ही असू शकते का, यावर त्यांनी हजारभर वर्षे भांडण केले. बौद्धांमधल्या दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांचे म्हणणे, असू शकते. ज्ञान विषयाला प्रकाशित करते तसे स्वतःलाही करते, जसा दिवा. शांतिदेवाने ‘बोधिचर्यावतारा’त याला धारदार उत्तर दिले : तलवारीची धार स्वतःला कापत नाही, तसे चित्त चित्ताला पाहत नाही. शंकराचार्य वेगळ्या पक्षाचे, पण दाखला याच जातीचा देतात. ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात देहालाच आत्मा मानणाऱ्या लोकायतिकांना उत्तर देताना ते म्हणतात की विस्तव गरम असला तरी स्वतःला जाळत नाही आणि डोंबारी कितीही तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढत नाही. त्यांच्या त्या भाष्याची सुरुवातच मुळी ‘तू’ आणि ‘मी’ या दोन सर्वनामांनी होते. ‘तू’ म्हणून जे जाणले जाते ते आणि ‘मी’ म्हणून जाणणारा, हे उजेड-अंधारासारखे एकमेकांच्या विरुद्ध असूनही माणूस त्यांची सरमिसळ करतो, हेच त्यांच्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला विचारतो तेही हेच, की जाणणाऱ्याला जाणायचे ते कशाने.

या पंडितांच्या कसोटीला ‘मी स्वतःला ओळखतो’ हे साधे वाक्य उतरणार नाही. भाषा मात्र ते दिवसातून दहादा बिनदिक्कत बोलते. भाषेचे यात काही चुकत नाही. लागलेला गुडघा आणि लावून घेणारा माणूस यांत अंतर असते, दाढी आणि दाढी करणारा हात यांत अंतर असते. रोजच्या वाक्यातला ‘स्वतःला’ जवळजवळ नेहमी अशा एखाद्या भागाकडे, देहाकडे, नावाकडे, अब्रूकडे बोट दाखवतो. ‘त्याने स्वतःला बदनाम केले’ यात जिचे नुकसान झाले ती त्याची कीर्ती असते.

आत्मश्राद्धही याच वाटेने शक्य होते, असे दिसते. पिंड घेणारा तो नाव-गोत्राचा, बापाचा मुलगा आणि आज्याचा नातू. देणाऱ्याच्या हाती त्या नावाच्या शेवटच्या काही घटका उरलेल्या आहेत. डोंबाऱ्याला खांदा आणि पाय यांच्यासाठी दोन माणसे लागतात. इथे विधी एका माणसाची दोन माणसे करतो आणि मग त्यातला एक वजा करतो. उरतो तो ‘आय’ नसलेला ‘मायसेल्फ’. गयेतही जनार्दनाच्या देवळात जिवंतपणी स्वतःसाठी पिंड ठेवण्याची सोय आहे, पण तिथून माणूस तेच नाव घेऊन घरी परततो. ते मरणोत्तर गैरसोयीवरचे आगाऊ आरक्षण झाले. संन्याशाला परतीची वाट ठेवलेली नाही.

कोणी ती काढलीच तर काय होते, हे महाराष्ट्राला चांगले माहीत आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी रुक्मिणी आहे हे गुरूंना कळल्यावर त्यांनी शिष्याला माघारी पाठवले, आणि गुरूंच्या आज्ञेने विठ्ठलपंत आळंदीत पुन्हा संसाराला लागले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चौघे त्यानंतरची. ज्याचे श्राद्ध होऊन गेले त्याला मुले कशी, हा आळंदीच्या ब्रह्मवृंदाचा सवाल केवळ दुष्टपणाचा नव्हता. त्यांच्या व्याकरणात ते वाक्यच बसत नव्हते. माणसाला आपले नाव पाण्यात सोडण्याचा अधिकार होता, ते पुन्हा उचलण्याचा नव्हता. शास्त्राला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय सुचला नाही आणि आईबापांनी तो पत्करला, असे परंपरा सांगते. चुकीची शिक्षा मुलांच्या माथी ‘संन्याशाची पोरे’ म्हणून उरली, आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावे लागले. तर्क शाबूत ठेवण्यासाठी लहान मुलांना वाळीत टाकणाऱ्या समाजाबद्दल सहानुभूती वाटणे कठीण आहे.

हीच गोष्ट दुसरीकडे किती हलक्याने घेतली जाई, याचा दाखला उज्जैनशीच जोडलेला आहे. राम घाटापासून नदीच्या काठाने पुढे गेले की गढकालिकेजवळ भर्तृहरीची गुंफा लागते. राज्य सोडून जोगी झालेला राजा भर्तृहरी तो हाच, असे लोक मानतात. ‘वाक्यपदीय’ लिहिणारा व्याकरणकार भर्तृहरीही तोच, असेही काही जण मानतात. विद्वानांना हे एकीकरण मान्य नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग व्याकरणकार भर्तृहरीबद्दल लिहितो की तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा गृहस्थाश्रमात परतला. मठात राहत असताना मन चळले तर असू द्यावी म्हणून बाहेर गाडी तयार ठेवायला त्याने शिष्याला सांगितले होते. गोष्ट खरी असो वा मठातली गप, ती सांगणाऱ्याच्या स्वरात तिरस्कार नाही. बौद्ध संघात चीवर उतरवून ठेवता येते. तिथे नाव बदलले तरी आधीच्या माणसाचा पिंड पाडलेला नसतो.

विठ्ठलपंतांच्या मधल्या मुलाकडे पाहिले तर ही सगळी चर्चा घरात आल्यासारखी वाटते. ‘चांगदेव पासष्टी’चे निमित्त प्रसिद्ध आहे. तपाने वृद्ध झालेल्या चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, की अधिकाराने मोठे म्हणून तीर्थरूप, हे ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. पत्र अडले ते मायन्यावर, म्हणजे समोरच्याला काय म्हणायचे यावर. उत्तरादाखल आलेल्या पासष्ट ओव्यांचा विषयही तोच, फक्त शेवटापर्यंत नेलेला : पाहणारा आणि पाहिले जाणारे असे दोन आहेत हेच मान्य नसेल, तर कोणी कोणाला भेटायचे? शांतिदेव आणि शंकराचार्य म्हणाले, कर्ता आणि कर्म एक होऊ शकत नाहीत. ज्ञानदेव ते नाकारत नाहीत. ते म्हणतात की त्या जागी कर्ता-कर्म ही जोडीच उरत नाही. ‘स्वतःला पाहणे’ यातले ‘ला’ गळून पडते. ज्या मुलाला बापाच्या अर्धवट राहिलेल्या मरणामुळे गावाने बाहेर ठेवले, त्याने ही भूमिका निव्वळ ग्रंथ वाचून घेतली असेल असे मानायला मन तयार होत नाही. अर्थात याला पुरावा काहीच नाही.

राम घाटावरच्या यात्रेकरूला यातले काही विचारायची गरज पडत नाही. तिथे तर नदीचीही स्वतःशी ओळख थोडी गुंतागुंतीची आहे. उन्हाळ्यात शिप्रा आटते. २०१४ मध्ये जोडयोजना सुरू झाली आणि नर्मदेचे पाणी उपसून शिप्रेच्या उगमाकडे सोडले जाऊ लागले. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिलपासून २१ मेपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मुख्यतः त्या पाण्यावर पार पडला. संकल्पात नाव शिप्रेचेच घेतले गेले. कोणाही शास्त्र्याने त्यावर आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि घ्यायचे कारणही नाही.

सरकार-दरबारी मात्र नावाचा प्रश्न असा सुटत नाही. हिंदू कायद्यात संन्यास म्हणजे नागरी मृत्यू. संन्याशाचा जन्मघराच्या मालमत्तेशी संबंध तुटतो. पण भगवे नेसून निघून जाणे पुरेसे नाही. कृष्ण सिंह विरुद्ध मथुरा अहीर या खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनातनी पद्धतीच्या संन्यासाबाबत पिंडदान, विरजाहोम किंवा प्राजापत्येष्टी असे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध करावे लागते, त्याखेरीज त्याग पुरा होत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यात वारसा ठरवताना घाटावरचा तो एक पिंड साक्षीपुराव्याचा विषय होतो. आपले श्राद्ध आपण केले हे दुसऱ्यांनी येऊन सांगावे लागते.

पुढचा संन्यास बहुधा कॅमेऱ्यासमोर होणार, हेही दिसून आले आहे. २४ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या महाकुंभात अभिनेत्री ममता कुलकर्णी यांनी स्वतःचे पिंडदान केले आणि किन्नर आखाड्याने त्यांना महामंडलेश्वर केले. नियुक्तीवरून लगेच वाद उठला. त्या वादात कोण पदावर राहावे आणि कोणी काढावे यावर पुष्कळ बोलले गेले. पिंड कोणी कोणाला दिला, यावर कोणी शब्द काढला नाही.

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्यात दीक्षा घेणाऱ्यांपैकी ज्यांना पुढे परदेशी प्रवचनाला जायचे असेल त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१६ च्या डिसेंबरात वाट मोकळी करून ठेवली आहे. पासपोर्टच्या अर्जात साधू-संन्याशांना आईबापांच्या रकान्यात गुरूचे नाव लिहिता येते. त्या रकान्यात तेच नाव असलेले आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रासारखे एखादे सरकारी कागदपत्र सोबत लागते. त्याच सुधारणांमध्ये जोडपत्रांवरच्या नोटरीच्या शिक्क्याची अटही काढून टाकली गेली. आता साध्या कागदावर, अर्जदाराने स्वतःच्या सहीने केलेले स्वयंघोषणापत्र चालते.